चिठ्ठीवरचा आकडा आणि वेळेवरचे ठिगळ

२०१४ साल वडाळा-चेंबूर भागात लक्षात राहिले ते मोनोरेलमुळे. फेब्रुवारीत देशातली पहिली आधुनिक मोनोरेल या दोन ठिकाणांच्या दरम्यान धावू लागली आणि पहिले काही दिवस नुसती फेरी मारायला आलेल्यांच्याच रांगा लागल्या. त्यानंतर दोन महिन्यांनी, ७ एप्रिल २०१४ रोजी, आणखी एक बातमी आली. तिच्यासाठी कुठे रांग लागली नाही, पण जगभरच्या संगणक सांभाळणाऱ्यांची झोप तिने उडवली. इंटरनेटवर गुप्तता राखण्यासाठी सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलींपैकी एक असलेल्या 'ओपनएसएसएल'मध्ये एक भोक सापडले होते. ते दोन वर्षे उघडे होते. 'सुरक्षित' म्हणवणाऱ्या संकेतस्थळांपैकी सुमारे पाच लाख स्थळे त्या दिवशी त्याच्या कक्षेत होती.

या दोषाला 'हार्टब्लीड' असे नाव पडले. हार्ट म्हणजे हृदय आणि ब्लीड म्हणजे रक्तस्राव. नाव भयंकर असले तरी दोष मात्र इतका साधा आहे, की आठवीच्या मुलांना तो अर्ध्या तासात नीट समजावता येतो. संगणकशास्त्रातल्या फार थोड्या मोठ्या घटनांबद्दल असे म्हणता येईल. म्हणूनच तो वर्गात न्यावा असे आम्हाला वाटते.

कुलूप शाबूत होते

आधी हे कुलूप कसले ते पाहू. आपण वडाळ्यातल्या घरी बसून बँकेच्या संकेतस्थळावर पासवर्ड टाइप करतो, तेव्हा तो वाटेत अनेक यंत्रांमधून जातो. त्यांतल्या कोणालाही तो वाचता येऊ नये म्हणून निघतानाच त्याचे कूटलेखन केले जाते, म्हणजे त्याला निरर्थक वाटणाऱ्या अक्षरांचे रूप दिले जाते. पत्त्याच्या पट्टीत दिसणारे छोटे कुलूप हीच गोष्ट सांगत असते.

या कुलपाला दोन किल्ल्या असतात. एक जाहीर, ती कोणालाही मिळते. दुसरी खाजगी, ती फक्त त्या संकेतस्थळाच्या संगणकात, म्हणजे सर्व्हरमध्ये असते. दोहोंचे नाते समजायला शाळेतले गणित पुरते. मुलांना ८३ आणि ९७ या मूळ संख्यांचा गुणाकार करायला सांगावा. ८०५१ हे उत्तर मिनिटभरात येते. दुसऱ्या वर्गाला मात्र फक्त ८०५१ ही संख्या द्यावी आणि तिचे मूळ अवयव काढायला सांगावे. बराच वेळ जातो. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या आरएसए पद्धतीच्या किल्ल्यांमध्ये ८०५१ च्या जागी ६१७ अंकी संख्या असे. ती संख्या जाहीर. तिचे दोन मूळ अवयव गुप्त. ते अवयव शोधून काढण्याची व्यवहारात जमेल अशी रीत आजच्या संगणकांजवळ नाही.

हार्टब्लीडने या गणिताला धक्काही लावला नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. संगणकातली चोरी म्हणजे कोणीतरी अतिहुशार माणूस संकेत 'फोडतो' असे चित्र सिनेमाने मनात भरवले आहे. इथे कुलूप फोडलेच गेले नाही. कुलपाच्या आत बसलेला कारकून विचारेल त्याला कपाटातले कागद काढून देत होता.

हुंकार

गोष्ट सांगणाऱ्याला समोरच्याने अधूनमधून हुंकार द्यावा लागतो. हुंकार थांबला की ऐकणारा झोपला असे सांगणारा समजतो. दोन संगणकांमध्ये जोडणी झाल्यावरही हाच प्रश्न येतो. काही वेळ देवाणघेवाण झाली नाही, तर पलीकडचा आहे की गेला? जोडणी तोडून पुन्हा पहिल्यापासून जुळवायची तर किल्ल्यांचा सारा व्यवहार परत करावा लागतो. त्यापेक्षा मधूनमधून एखादा शब्द पाठवावा आणि पलीकडच्याने तोच शब्द जसाच्या तसा परत करावा, हे स्वस्त पडते. या सोयीला 'हार्टबीट', म्हणजे हृदयाचा ठोका, म्हणतात. तिचे नियम फेब्रुवारी २०१२ मध्ये रीतसर प्रसिद्ध झाले.

ठोक्याच्या संदेशाची रचना अशी: पहिल्या एका बाइटमध्ये 'ही विचारणा आहे की उत्तर' एवढेच. पुढच्या दोन बाइटमध्ये शब्दाची लांबी. मग प्रत्यक्ष शब्द. आणि शेवटी कमीत कमी १६ बाइट निव्वळ भरताड, ज्याला काही अर्थ नसतो. लांबी लिहायला दोन बाइट म्हणजे १६ द्विमान अंक मिळतात, तेव्हा सांगता येणारी सर्वांत मोठी लांबी ६५,५३५. हा आकडा पुढे लागणार आहे.

शब्द पाठवणाराच त्याची लांबीही लिहून पाठवतो, हे लक्षात आले का? सगळी गोम तिथेच आहे.

फळ्यावरचा खेळ

वडाळ्यातल्या एका शाळेत आठवी-नववीच्या मुलांबरोबर आम्ही पुढील खेळ करून पाहिला. लागते फक्त खडू, फळा आणि कागदाच्या चिठ्ठ्या.

फळ्यावर एका ओळीत ४० चौकटी आखाव्या आणि त्यांना १ ते ४० क्रमांक द्यावे. ही सर्व्हरची स्मृती. खऱ्या संगणकाची स्मृतीही अशीच असते, क्रमांक दिलेल्या खणांची एक लांबच लांब ओळ. एका खणात एक अक्षर, जोडाक्षर असले तरी एकच. एका मुलीला 'सर्व्हर' करावे. तिने पाळायचे नियम दोनच: चिठ्ठीवरचा शब्द ६ क्रमांकाच्या चौकटीपासून पुढे लिहायचा, आणि मग चिठ्ठीवर जितकी अक्षरे मागितली असतील तितक्या चौकटी ६ पासून मोजून मोठ्याने वाचायच्या. स्वतःची अक्कल चालवायची नाही. संगणक चालवत नाही.

खेळ सुरू होण्यापूर्वी शिक्षकांनी ८ ते २० या चौकटींत 'गणिताचा पेपर निळ्या कपाटात' हे वाक्य जागा न सोडता लिहावे. ही मघाच येऊन गेलेल्या कोणा दुसऱ्याची माहिती. तिचे काम संपले, पण ती कोणी पुसली नाही.

आता पहिली चिठ्ठी: 'शब्द आंबा, अक्षरे २.' सर्व्हर ६ आणि ७ मध्ये 'आं' आणि 'बा' लिहिते, दोन चौकटी वाचते, उत्तर 'आंबा'. ठोका बरोबर पडला. दुसरी चिठ्ठी: 'शब्द पेन, अक्षरे १५.' सर्व्हर पुन्हा त्याच दोन चौकटींत 'पेन' लिहिते आणि नियमाप्रमाणे १५ चौकटी वाचू लागते. 'पेनगणिताचापेपरनिळ्याकपाटात' असे तिने म्हणताच वर्गात जो हशा पिकतो, तो पिकू द्यावा. तेवढ्यात बहुतेकांना दोष कळलेला असतो.

खऱ्या सर्व्हरच्या बाबतीत फरक प्रमाणाचा. तिथे चिठ्ठीवर ६५,५३५ हा आकडा लिहिता येई. शब्द एका अक्षराचा पाठवावा, लांबी तेवढी सांगावी, आणि सर्व्हर आपल्या स्मृतीतले जवळजवळ ६४ किलोबाइट उचलून पाठवून देई. मराठीच्या पाठ्यपुस्तकाची दहा-पंधरा पाने त्यात सहज मावतील. शिवाय हवे तितक्या वेळा मागता येई. प्रत्येक वेळी स्मृतीत त्या क्षणी काय असेल त्याप्रमाणे हाती वेगळे काही लागे. सर्व्हरच्या नेहमीच्या नोंदवहीत याची खूणही उरत नसे. ठोक्याची नोंद कोण ठेवतो?

खेळात एका मुलाने विचारले, की काम झालेली माहिती पुसून का टाकत नाहीत? प्रश्न रास्त आहे. तास संपल्यावर फळा न पुसता जाणारे शिक्षक आपल्याला माहीत आहेत. संगणकही तसाच वागतो. एखादा खण मोकळा झाला म्हणजे 'हा आता दुसऱ्याला देता येईल' एवढीच नोंद होते. आतले अक्षर नवीन अक्षर येईपर्यंत तसेच राहते. प्रत्येक खण पुसत बसले तर वेळ जातो, आणि संगणकाच्या जगात वेळ वाचवण्याच्या नादात पुष्कळ पापे झाली आहेत.

काय काय सांडले

या सांडलेल्या स्मृतीत इतर लोकांचे पासवर्ड सापडू शकत, त्यांची पत्रे सापडू शकत. कॅनडाच्या आयकर खात्यातून सुमारे ९०० करदात्यांचे सामाजिक विमा क्रमांक याच वाटेने गेले, आणि तेही दोष जाहीर झाल्यानंतरच्या काही तासांत. पण सर्वांत मोठी भीती होती ती खाजगी किल्लीची. ती मिळाली तर चोर स्वतःच बँक असल्याचे सोंग घेऊ शकतो. पूर्वी टिपून ठेवलेले कूटसंदेशही त्याला बऱ्याच ठिकाणी उलगडता आले असते.

किल्ली खरोखरच मिळू शकते का, यावर आरंभी मतभेद होते. क्लाउडफ्लेअर या अमेरिकन कंपनीला ते फार अवघड वाटत होते. त्यांनी ११ एप्रिल रोजी एक दोषयुक्त सर्व्हर मुद्दाम उघडा ठेवला आणि जगाला आव्हान दिले. काही तासांतच फेडोर इंदुत्नी यांनी किल्ली काढून दाखवली. पाठोपाठ फिनलंडचे इल्का मट्टिला यांनीही. इंदुत्नी यांनी पंचवीस लाखांहून अधिक ठोके पाठवले होते, मट्टिला यांना सुमारे एक लाख पुरले.

त्यांनी ती ओळखली कशी, हे गणिताच्या शिक्षकांना आवडेल. सांडलेल्या लाखो बाइटच्या कचऱ्यात किल्ली 'ही मी' असे सांगत नाही. पण जाहीर संख्या सर्वांना ठाऊक आहे, आणि तिचा गुप्त अवयव १२८ बाइटचा असणार हेही ठाऊक आहे. तेव्हा कचऱ्यातून सलग १२८ बाइटचा तुकडा घ्यायचा, त्याला संख्या मानायचे आणि त्याने जाहीर संख्येला भागून पाहायचे. बाकी उरली तर एक बाइट पुढे सरकायचे. नि:शेष भाग गेला की काम झाले! एक अवयव मिळाला की दुसरा भागाकारातच मिळतो. ८०५१ चे अवयव शोधायला मुलांना वेळ लागला होता. पण '८३ असेल का बघा' असे कोणी सांगितले असते तर एका भागाकाराचेच काम होते. अवघड प्रश्नाचे उत्तर शोधणे आणि दिलेले उत्तर तपासणे यांतला फरक याहून चांगल्या रीतीने दाखवणारे उदाहरण आम्हाला माहीत नाही.

चूक कोणाची

ठोक्याची ही सोय ओपनएसएसएलसाठी जर्मनीतले रॉबिन सेगेलमन यांनी लिहिली. ते तेव्हा पीएच.डी.चे विद्यार्थी होते. त्यांचे काम दुसऱ्या एका जाणकाराने तपासले आणि ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री ते मूळ आज्ञावलीत सामील झाले. मार्च २०१२ मध्ये निघालेल्या १.०.१ या आवृत्तीतून ते जगभर गेले. लिहिणाऱ्याच्या नजरेतून एक तपासणी निसटली आणि तपासणाऱ्याच्याही. गंमत अशी, की ठोक्याचे जे नियम प्रसिद्ध झाले त्यांत 'सांगितलेली लांबी प्रमाणाबाहेर असेल तर संदेश मुकाट्याने टाकून द्यावा' असे स्पष्ट म्हटले आहे, आणि त्या नियमांच्या लेखकांत स्वतः सेगेलमनही आहेत. नियम माहीत असणे आणि ऐन वेळी तो पाळला जाणे यांत किती अंतर असते, ते उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना सांगायला नको.

तरी सारे खापर त्यांच्यावर फोडणे आम्हाला पटत नाही. ओपनएसएसएल कोणालाही फुकट वापरता येते आणि तिची आज्ञावली कोणालाही वाचता येते. मोठमोठ्या कंपन्यांचा व्यवहार तिच्यावर चाले. पण ती सांभाळणारे लोक हातावर मोजण्याइतके, त्यांत पूर्ण वेळ काम करणारा एकच, आणि देणग्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर. सर्वांची म्हणून जी विहीर असते तिचा गाळ कोणी काढायचा, हा आपल्या गावांना जुना असलेला प्रश्नच इथे होता. घटनेनंतर त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने पुढाकार घेऊन मोठ्या कंपन्यांकडून अशा सार्वजनिक आज्ञावलींसाठी निधी उभा केला. 'सगळ्यांना वाचता येते' याचा अर्थ 'कोणीतरी वाचते आहे' असा होत नाही, हे मात्र या प्रकरणाने चांगलेच दाखवून दिले.

अखेर दोष सापडला तोही दोन ठिकाणी, स्वतंत्रपणे आणि जवळजवळ एकाच वेळी. गूगलच्या सुरक्षा विभागातील नील मेहता यांनी तो ओपनएसएसएलला १ एप्रिल रोजी कळवला. फिनलंडच्या कोडेनॉमिकॉन कंपनीच्या लोकांना तो दोन दिवसांनी आढळला. नाव ठेवले ते या दुसऱ्यांनी.

ठिगळ

दुरुस्त केलेल्या तुकड्याला इंग्रजीत 'पॅच' म्हणतात. आपल्याकडे त्याला ठिगळ हा नेमका शब्द आहे. हार्टब्लीडचे ठिगळ म्हणजे काही मोजक्या ओळी. त्यांचा अर्थ एवढाच: एक, अधिक दोन, अधिक चिठ्ठीवरची लांबी, अधिक सोळा ही बेरीज करा, ती प्रत्यक्ष आलेल्या संदेशाच्या लांबीपेक्षा मोठी असेल तर चिठ्ठी फेकून द्या. आमच्या खेळातल्या मुलीला तिसरा नियम द्यायचा: 'शब्दातली अक्षरे आधी स्वतः मोज.' तो दिल्यावर 'पेन, १५' ही चिठ्ठी टोपलीत जाते.

७ एप्रिल २०१४ रोजी हे ठिगळ लावलेली १.०.१ जी ही आवृत्ती निघाली. गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते, पण ठिगळ शिवणे आणि ते अंगावरच्या कपड्याला लागणे वेगळे.

पहिली अडचण अशी, की चालू असलेला सर्व्हर जुनी आज्ञावली आपल्या स्मृतीत घेऊन बसलेला असतो. तबकडीवर नवी आवृत्ती आली तरी तो जुनीच चालवत राहतो. त्याला बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. दुसरी अडचण किल्लीची. भोक बुजवले, पण दोन वर्षांत किल्ली कोणी नेली नाही याची खात्री काय? म्हणून नवी किल्ली करायची, तिच्यासाठी नवे प्रमाणपत्र घ्यायचे, जुने रद्द करवायचे. हजारो ठिकाणी लोकांनी घाईने नवे प्रमाणपत्र घेतले आणि किल्ली जुनीच ठेवली. घराचे कुलूप बदलायचे म्हणून नवी पाटी लावावी, त्यातला प्रकार! मग पाळी वापरणाऱ्यांची, त्यांनी पासवर्ड बदलायचे. इथे क्रमाला महत्त्व आहे. सर्व्हरला ठिगळ लागण्यापूर्वी पासवर्ड बदलला, तर नवा पासवर्डही त्याच भोकातून सांडतो, आणि ताजा असल्यामुळे स्मृतीत सापडण्याचा संभव उलट जास्त.

शिवाय ओपनएसएसएल फक्त मोठ्या सर्व्हरमध्येच नव्हती. अँड्रॉइडच्या ४.१.१ आवृत्तीच्या फोनमध्ये ती होती, इंटरनेटची जोडणी देणाऱ्या अनेक डब्यांमध्ये होती. त्या डब्यांना ठिगळ लावायला कोणी फिरकत नाही.

सी भाषेचा स्वभाव

मुळात संगणकाने शेजारचे खण वाचूच का दिले? ओपनएसएसएल 'सी' या भाषेत लिहिलेली आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत ही भाषा घडवली. ती वेगवान आहे, कारण ती लिहिणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकते. 'या खणापासून इतके खण उचल' म्हटले की ती उचलते; ते तुमचे आहेत का हे विचारत नाही. जावा किंवा पायथन अशा भाषांमध्ये यादीच्या बाहेरचा खण मागितला तर कार्यक्रम तिथेच थांबतो. तपासणीला थोडा वेळ लागतो, इतकेच. २०१५ मध्ये पहिली पक्की आवृत्ती निघालेली 'रस्ट' ही भाषा वेग फारसा न गमावता ही शिस्त लावू पाहते. तिच्यातील बरीचशी तपासणी आज्ञावली तयार होतानाच उरकते, आणि यादीबाहेरचा खण मागणाऱ्याला ती चालू असतानाही अडवते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते, की त्यांनी दुरुस्त केलेल्या सुरक्षा-दोषांपैकी दरवर्षी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या अशा गैरवापराचेच असतात. पण सी मध्ये लिहिलेल्या कोट्यवधी ओळी आजही जगाचा गाडा ओढत आहेत. त्या एका रात्रीत बदलणार नाहीत.

खाडीपलीकडे

स्मृतीच्या हद्दीबाहेर वाचणे हा दोषाचा एक प्रकार. हद्दीबाहेर लिहिणे हा दुसरा, आणि जास्त घातक. आमच्या खेळात पाहुण्याने दोन चौकटींच्या जागेत पाच अक्षरे लिहिली तर शेजारचे वाक्य बिघडेल. त्या शेजारच्या चौकटींत सर्व्हरला दिलेल्या सूचना असतील, तर पाहुणा त्या बदलून सर्व्हरलाच आपल्या तालावर नाचवील. विंडोजमध्ये फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या भागात असा एक दोष होता. तिथेही लांबीचा हिशेब चुकत होता: मोठ्या खान्यातल्या संख्येचा अर्धाच भाग बदलला जाई आणि मागितलेल्या जागेपेक्षा जास्त लिहिले जाई. मायक्रोसॉफ्टने त्याचे ठिगळ १४ मार्च २०१७ रोजी दिले. महिन्याभरात त्या दोषाचा फायदा घेणारे हत्यार सर्वांसाठी उघड झाले. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' आणि २७ जून रोजी 'नॉटपेट्या' हे दोन उपद्रव त्याच्या बळावर जगभर पसरले.

दुसऱ्याची झळ मुंबईला समोरासमोर लागली. वडाळ्याजवळच्या शिवडीहून आज अटल सेतू जिथे जातो, त्या न्हावा-शेवा बाजूच्या जवाहरलाल नेहरू बंदरात एक कंटेनर टर्मिनल मर्स्क या डॅनिश समूहातील कंपनी चालवत होती. मर्स्कचे संगणक जगभर कोलमडले आणि त्यांबरोबर या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. कंटेनर टर्मिनलचे आवार आपल्या फळ्यावरच्या चौकटींसारखेच असते, क्रमांक दिलेल्या जागा आणि एकेका जागेत रचलेल्या पेट्या. कोणत्या जागी कोणाची पेटी आहे हे संगणकाला ठाऊक असते. तो मुका झाला की समोर दिसणारी पेटीही सापडत नाही. कंटेनर घेऊन येणारे ट्रक अडकले, काही काम हाताने करावे लागले, काही माल दुसरीकडे वळवावा लागला. मर्स्कने पुढे सांगितल्याप्रमाणे त्यांना जगभरात चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान वीस ते तीस कोटी डॉलरच्या घरात गेले.

ठिगळ येऊन तोवर १०५ दिवस झाले होते. तरी 'सर्वांनी ठिगळ लावले असते तर काहीच झाले नसते' असे सरळ विधान करता येत नाही. नॉटपेट्या एका यंत्रात शिरल्यावर तिथल्या स्मृतीतले पासवर्ड चोरून ठिगळ लावलेल्या यंत्रांतही जाई. जाळ्यातले एक यंत्र उघडे असले तरी पुरे. आणि तो पहिल्यांदा शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या अपडेटमधून, म्हणजे ठिगळ पोहोचवणाऱ्या वाटेनेच. यावरून कोणी 'अपडेट नकोच' असा निष्कर्ष काढू नये. दूषित पाण्याने साथ आली म्हणून आपण पाणी पिणे सोडत नाही, उगम तपासतो.

शाळेतले यंत्र

शिक्षकांना हे सारे दूरचे वाटू नये. 'सरल'च्या कामासाठी मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक शाळेतल्या संगणकावरून भरले जातात. पुष्कळ शाळांत हे यंत्र जुने असते आणि चालते आहे तोवर त्याला हात लावू नये असा संकेत असतो. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने नियमित ठिगळे देणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबवले, विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. अशा यंत्रात यापुढे सापडणारे भोक उघडेच राहील. निदान मुलांच्या याद्या त्यात ठेवू नयेत. ज्या यंत्राला ठिगळे मिळतात तिथे 'नंतर' या बटणावर बोट जाते. संगणक-कक्ष बंद करताना मुख्य बटणच दाबून टाकण्याची पद्धत आम्ही अनेक ठिकाणी पाहिली. ठिगळ उतरवून घेतलेले असते, पण यंत्र रीतसर बंद होऊन पुन्हा सुरू झाले नाही तर ते लागत नाही. आठवड्यातून एक दिवस, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, यंत्रे तासभर त्यांच्यावरच सोडली तरी हे काम होते. मोबाइलवर आलेल्या दुव्यावरून मात्र कधीही 'अपडेट' घेऊ नये. ते यंत्राच्या स्वतःच्या सेटिंगमधूनच घ्यावे.

खेळ घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ठिगळ लावल्यावर एखादे चलाख मूल विचारते, की चिठ्ठीवर शब्दापेक्षा कमी अक्षरे लिहिली तर? 'शब्द वडापाव, अक्षरे २.' सर्व्हर दोनच चौकटी वाचील, उत्तर 'वडा'. खऱ्या नियमांतही हे चालते. उरलेली अक्षरे भरताडात धरली जातात, कारण भरताड १६ बाइटपेक्षा जास्त असायला हरकत नाही. त्यातून कोणाचे काही सांडत नाही, म्हणून ठिगळ फक्त एकाच बाजूने तपासते. संपूर्ण संदेश ४० बाइटचा आला असेल, तर चिठ्ठीवर जास्तीत जास्त कोणता आकडा चालेल, हे मात्र मुलांनाच काढू द्यावे.